प्रायव्हसी सेटिंग एकदा लावलं की झालं? या चुका टाळा

"अगं मी तर फेसबुकवर सगळं फ्रेंड्स ओन्ली केलं होतं, मग हे कसं दिसतंय सगळ्यांना?" हे इतक्या जणींकडून ऐकलंय की आता लिहूनच काढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेटिंग एकदा लावलं की कायमचं लागलं असं समजणं. 2009 च्या डिसेंबरात फेसबुकने सेटिंग्ज बदलली तेव्हा लोकांनी लपवलेली मित्रांची यादीसुद्धा उघडी पडली, अमेरिकेत तक्रार झाली, 2011 मध्ये तडजोड झाली. आणि 2018 च्या मे मध्ये तर एका बगमुळे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे, 1 कोटी 40 लाख लोकांना नवीन पोस्टसाठी आपोआप पब्लिक सुचवलं जात होतं. विश्वास उडणार नाही तर काय.

माझ्या मामेभावाचं सांगते. मामीला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं म्हणून त्याने पोस्ट पब्लिक टाकली, बरोबरच केलं, रक्तदाता मिळालाही. पण फेसबुकवर शेवटचं निवडलेलं सेटिंग पुढच्या पोस्टला तसंच चिकटतं, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. पुढचे आठ महिने वास्तुशांत, मुलीचं बारसं, सगळं जगाला दिसत होतं. पाळण्यावर थर्माकोलच्या अक्षरांत बाळाचं नाव, खाली कमेंटमध्ये माझ्या आईचं "आत्याचा आशीर्वाद". मग एक दिवस त्याच्याच नावाने, त्याच्याच फोटोच्या अकाउंटवरून आईला मेसेज, आत्या, बाळाला ॲडमिट केलंय, 15 हजार पाठव. नावासकट. आईने पाठवले. पैसे गेले ते गेलेच, भावाने त्या दिवसापासून एक फोटो टाकलेला नाही.

म्हणून पोस्ट करायच्या आधी "कोणाला दिसेल" तिथे बघायचंच, प्रत्येक वेळी. पब्लिक टाकलंत तर काम झाल्यावर लगेच परत फिरवा, उद्या करू म्हणू नका.

"मी माझे फोटो वापरायला परवानगी देत नाही" हे फॉरवर्ड भिंतीवर चिकटवून काहीही होत नाही, बंद करा ते.

फेसबुकवरच्या जुन्या क्विझला दिलेली परवानगी काढा. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली ती अशाच एका क्विझ ॲपमधून.

रागाच्या भरात ॲप बदलणं हाही उपाय नाही. 2021 च्या जानेवारीत फेसबुकशी माहिती वाटून घेण्याची व्हॉट्सॲपची नवी पॉलिसी आली तेव्हा आमचा अख्खा सोसायटीचा ग्रुप सिग्नल नावाच्या ॲपवर गेला आणि पंधरा दिवसांत परत आला, पण येताना डीपी कोणाला दिसतो, ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं हे कोणीच बघितलं नाही. त्याच पॉलिसीवरून 2024 च्या नोव्हेंबरात भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, 213 कोटींचा दंड केला, चांगलंच झालं, पण डीपीचं सेटिंग आपल्यालाच बघावं लागतं ना.

"30 सेकंदात अकाउंट सेफ" वाले व्हिडिओ बघून घाई करणाऱ्यांना माझं एकच म्हणणं, त्यातला मेनू बहुतेक वेळा तोपर्यंत हललेला असतो. स्वतः एकेक पान उघडून वाचा. मी दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना हे करते, आणि शेवटी शेजारच्या काकूंच्या फोनवरून, त्या माझ्या लिस्टमध्ये नाहीत म्हणून, माझं प्रोफाइल उघडून बघते. मागच्या वेळी 2013 चा एक अल्बम तसाच पब्लिक सापडला, आमच्या गावच्या घराचा, दारावरच्या पाटीसकट.