शेतकरी जोडप्याच्या कष्टाचा आणि कुळाचा इतिहास कसा लिहावा : खान्देशातील घरांसाठी

घरातील वृद्ध आजी-आजोबांचा इतिहास लिहायला घेतला, की बहुतेक जण वंशावळीपासून सुरुवात करतात आणि पणजोबा, त्यांचे मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे अशी पुरुषांच्या नावांची उतरंड कागदावर मांडून थांबतात. त्या जोडप्याने चाळीस-पन्नास वर्षे नेमके काय केले, कोणते वावर कसले, कोणाच्या विहिरीवर मोट हाकली, कोणाच्या कापसाची वेचणी केली, यांपैकी काहीही त्या उतरंडीत येत नाही. त्यातही आजींच्या वाट्याला ‘अमुकची पत्नी’ एवढीच ओळ येते. म्हणून या लेखात सुचवलेली पद्धत कामापासून सुरू होते, आणि नवरा-बायकोच्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून वेगवेगळी ठेवावी, असा तिचा आग्रह आहे.

कामापासून सुरुवात करण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. जुन्या पिढीच्या जन्मतारखांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. शाळेच्या दाखल-खारज रजिस्टरात असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून लिहिलेली आढळते, कारण शाळा जूनमध्ये भरत असे आणि प्रवेशाच्या वेळी गुरुजी अंदाजाने वय धरत. शाळेत न गेलेल्या मुलीची तर तेवढीही नोंद होत नसे. याउलट, पहिल्यांदा मजुरीला कधी गेलात, तेव्हा रोज किती होता आणि तो पैशांत मिळाला की दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) पायल्यांत, असे विचारल्यास नव्वदीच्या आजीसुद्धा तपशिलाने सांगू लागतात.

हे काम करण्यास आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचे दिवस सर्वांत सोयीचे असतात. रब्बी घरात आलेली असते, मृगाची पेरणी दूर असते, आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या असल्यामुळे एकाच्या आठवणीला दुसऱ्याची जोड मिळते. शिवाय त्या दिवशी पितरांसाठी घागर भरताना आणि आगारी (विस्तवावर नैवेद्य) टाकताना घरातील गेलेल्या माणसांची नावे घेतली जातात. ती नावे कोण घेते, किती पिढ्यांपर्यंत घेते आणि त्यांत कोणत्या स्त्रिया येतात, हे तेथेच बसून टिपून घ्यावे. सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे) सालही आखाजीपासून धरले जात असल्याने ज्या घरांत सालदारकी होती, तेथे ‘कोणत्या आखाजीला कोणाकडे राहिलात’ या एका प्रश्नातून दहा-पंधरा वर्षांचा क्रम लागतो.

दोघांना एकत्र बसवून एकदा ऐकावे, पण त्यावर थांबू नये. एकत्र बसले की आजोबा बोलतात आणि आजी दुरुस्त्या करतात, किंवा त्याही करत नाहीत. आजींशी स्वतंत्र बोलण्यासाठी त्या भाजी निवडत असतील, शेंगा फोडत असतील, अशी वेळ निवडावी. हात कामात असले की बोलणे मोकळे होते. फोनवर आवाज मुद्रित करण्यापूर्वी त्यांना तसे सांगावे आणि परवानगी घ्यावी. त्या अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच लिहून घ्यावे, रावेर-यावलकडील घरात लेवा गणबोली असेल तर तीच ठेवावी. ‘मन्ही माय निंदाले जाये’ (माझी आई निंदायला जायची) हे वाक्य प्रमाण मराठीत आणताना त्यातला सूर जातो. अर्थ समजावायचा असेल तर तो खाली वेगळा द्यावा.

कामाविषयीचे प्रश्न जितके बारीक असतील, तितके उत्तर समृद्ध येते. निंदणीचा रोज आणि वेचणीचा दर वेगळा असे, कारण वेचणी वजनावर चाले. मग आजी दिवसाला किती कापूस वेचत, आणि मोजणाऱ्याच्या काट्यावर विश्वास होता का? पहाटे दळण कोणत्या वेळी होई, पाणी कोठून आणावे लागे, बाळंतपणानंतर किती दिवसांनी शेतात जावे लागले, तान्हे मूल बांधावर कोणाजवळ ठेवले जाई? दुधाचे, गवऱ्यांचे, शेळीच्या करडांचे पैसे कोणाच्या हाती राहात, आणि त्यांतून घरात कोणती वस्तू आली? आजोबांना मोटेचे बैल, विहिरीवर इंजिन आले ते वर्ष, त्यासाठी काढलेली तगाई (सरकारी शेतीकर्ज) किंवा सोसायटीचे कर्ज यांविषयी विचारावे. केळीच्या पट्ट्यात रेल्वेच्या वॅगनी भरण्याचे काम, धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याचे काम, अमळनेरच्या प्रताप मिलमधील किंवा जिन-प्रेसमधील हंगामी काम, सुरतेतील कापडधंद्यात घालवलेली वर्षे, ही सर्व त्या जोडप्याच्या शेतीचीच दुसरी बाजू असते आणि ती हमखास गाळली जाते.

ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) साधारणपणे पुरुषाच्या नावावर असते, आणि त्यामुळे हिशेबाच्या वहीत दोन माणसांच्या श्रमापुढे एकच नाव दिसते. कापसाचेही तसेच आहे. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेच्या पावत्या अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत अजून सापडतात. त्यांवर खातेदाराचे नाव असते, वेचणारणीचे नसते. आपल्या लिखाणात अशी प्रत्येक पावती नोंदवताना त्या वर्षी पेरणी, निंदणी, वेचणी आणि गाडी भरणे कोणी केले, हे त्याच ओळीत लिहावे. अशी नोंद दुसरीकडे कोठेही होणार नाही, म्हणून मला हे या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आठवणींना वर्षे लावण्यासाठी सर्वांना ठाऊक असलेल्या घटनांचा आधार घ्यावा. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. त्याआधीची मजुरी आण्यांत सांगितली जाते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाल्ला, हे बहुतेकांना आठवते. १९७५ ते १९७७ ही आणीबाणीची वर्षे होती, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. यांपैकी प्रत्येक प्रसंगी ‘तेव्हा कडेवर कोण होते आणि पोटात कोण होते’ असा प्रश्न आजींना विचारावा, म्हणजे मुलांचे जन्म, आणि जी मुले जगली नाहीत त्यांचेही जन्म, वर्षाला येऊन मिळतात. हा प्रश्न हळुवारपणे विचारावा आणि उत्तर नको असेल तेव्हा सोडून द्यावा.

यानंतर कागद पाहावेत. आधी नाही, कारण कागद हाती आला की मुलाखत त्याच्यामागे धावू लागते. सातबारा आणि आठ-अ सहज मिळतात, पण इतिहास दडलेला असतो तो फेरफार नोंदींत, म्हणजे जमिनीवरील हक्क बदलल्याच्या नोंदींत. सातबाऱ्यावर दिलेले फेरफार क्रमांक लिहून घेऊन एकेक मागे जात राहावे. आजचा गट नंबर जुन्या नोंदीत सापडत नाही, याने गोंधळून जाऊ नये. जमिनींचे एकत्रीकरण होण्यापूर्वी सर्व्हे नंबर होते आणि त्या दोहोंचा मेळ एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून घालता येतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. ४० आर म्हणजे जवळपास एक एकर, असे धरून घरच्या बोलण्याशी जुळवावे. घरात त्या तुकड्याला जे नाव असेल, बाभळीचे वावर म्हणा की नदीकाठचे, ते गट नंबरासमोर अवश्य लिहावे.

फेरफारातील काही संक्षेप समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; थोरल्या भावाचे एकट्याचे नाव या शेऱ्यासह असेल, तर आजोबांची जमीन नव्हती असा अर्थ काढू नये, वाटणीपर्यंत ते त्या नावाआड आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. बाप लवकर गेलेल्या घरात येथे पुष्कळदा आईचे नाव येते आणि अन्यथा कोठेच न सापडणारी पणजी या एका शेऱ्यात सापडते. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावे येऊ लागली. त्यानंतर लगेच हक्कसोडीची नोंद दिसली, तर आत्यांची सासरची नावे आणि गावे तेथून मिळतात. हक्क का सोडला, हे मात्र आत्यांनाच विचारावे. पूर्वज कुळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची, जमीन कसत असतील, तर १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतरच्या, कुळकायद्याच्या कलम ‘३२ ग’च्या नोंदी शोधाव्यात, कारण कसणारा जमिनीचा मालक कसा झाला, हे तेथे कळते. सातपुड्यातील कुटुंबांनी २००६च्या वनहक्क कायद्याखालील पट्टा पाहावा. विवाहित जोडप्याच्या बाबतीत तो पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा, असे कायद्यातच आहे, आणि दाव्यासोबत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब जोडलेले असतील तर तोच त्या घराचा पहिला लिखित इतिहास ठरू शकतो.

जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात, असत आणि त्यांची प्रत तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात अर्ज करून मागता येते. स्वातंत्र्यापूर्वीच्या कित्येक नोंदी मोडी लिपीत आहेत. धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ जुन्या कागदपत्रांसाठी प्रसिद्ध आहे. मोडी वाचणाऱ्यांची चौकशी तेथून सुरू करावी. शोधताना १९०६ पासूनच्या कागदांवर पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे जिल्हे असतील, त्याआधी एकच खान्देश असेल, हे ध्यानात ठेवावे.

सरकारी दप्तराबाहेरही पुष्कळ काही असते. पितळी आणि तांब्याच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, निमित्त आणि तारीख कोरलेली असते. आजींच्या माहेरचा पत्ता लावण्यास माझ्या मते याहून चांगले साधन नाही, म्हणून माळ्यावरची भांडी उतरवून प्रत्येक नाव लिहून घ्यावे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळीत दशक्रियेला आलेल्या पूर्वजांची नोंद असू शकते; गाव आणि आडनाव सांगून विचारणा करावी. ज्या समाजांत भाट वही घेऊन येतात, तेथे ती वही वाचून घ्यावी, पण तिच्यातील फार मागच्या पिढ्या ऐकीव म्हणून वेगळ्या नोंदवाव्यात. कुळदैवत कोठे आहे, म्हसदीची धनदाई की धुळ्याची एकवीरा की आणखी कोठले, यावरून कुळाच्या मूळ गावाचा माग निघू शकतो.

नावांची पडताळणी करणे येथे विशेष गरजेचे आहे. आबा, नाना, जिभाऊ, अक्का, जिजी ही घरोघरची संबोधने आहेत आणि त्यांखाली खरे नाव झाकले जाते. लग्नात नाव बदललेल्या स्त्रीची दोन्ही नावे लिहावीत, माहेरचे आडनाव आणि गाव यांसह. वंशवृक्ष काढताना आजींच्या माहेरची बाजूही तेवढ्याच पिढ्यांपर्यंत न्यावी. ती अपुरी राहिली तर जागा रिकामी ठेवावी, पण वृक्ष एका बाजूला कापून टाकू नये.

लिहायला बसताना वहीच्या पानाचे दोन रकाने करावेत, एक आजोबांचा आणि एक आजींचा, डावीकडे वर्ष. ज्या वर्षासमोर एकच रकाना भरलेला असेल, तेथे पुन्हा विचारण्यास जावे. दोघांच्या सांगण्यात फरक असेल तर दोन्ही ठेवावेत आणि कोणाचे कोणते, हे सांगावे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता येत नव्हते. शेतीची आणि घरची कामे करताना त्या जे गात, ते त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातलग यांनी उतरवून ठेवले, म्हणून ते शिल्लक राहिले. आजींच्या ओव्या, आखाजीची गाणी आणि कानबाईची गाणी म्हणूनच कामाच्या नोंदींशेजारीच लिहावीत, परिशिष्टात ढकलू नयेत.

मजकूर पूर्ण झाल्यावर तो दोघांना मोठ्याने वाचून दाखवावा. भाऊबंदकीतील वाद, कर्ज, पाटाचे लग्न, दत्तक अशा गोष्टींबाबत जे काढून टाका असे ते म्हणतील, ते काढून टाकावे. छापील प्रत ठसठशीत अक्षरांत काढावी आणि मुलांसह मुलींच्याही घरी एकेक द्यावी. नातेवाइकांच्या फोनवर पाठवायच्या प्रतीतून मात्र गट नंबर, खाते क्रमांक, आधार क्रमांक आणि सह्यांची छायाचित्रे वगळावीत. ती मूळ कागदांसोबत घरात, एकाच ठिकाणी ठेवावीत.