दुसरं बाळ येणार आहे? थोरल्याशी बोलताना या चुका टाळा

धाकटी झाली तेव्हा थोरली साडेतीन वर्षांची होती. सात महिने घरातल्या प्रत्येकाने तिला एकच सांगितलं होतं, “तुला खेळायला बाळ येणार.” त्यामुळे दवाखान्यात येताना ती भातुकलीची पिशवी घेऊनच आली. पितळेची इवलीशी परात काढली, तीत दोन शेंगदाणे ठेवले आणि परात बाळाच्या गालाजवळ सरकवली. बाळ गाढ झोपलेलं. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग परात परत पिशवीत टाकली आणि बाबांना म्हणाली, “हिला खेळता येत नाही. चला घरी.”

मी सोलापुरात बालवाडीत शिकवते. दरवर्षी वर्गातल्या चार-पाच मुलांच्या घरी पाळणा हलतो, आणि आया येऊन सांगतात, “बाई, हा बाळावर जळतो.” मला तसं वाटत नाही. बहुतेक वेळा आपण त्या मुलाला काहीतरी गोड सांगितलेलं असतं, ते खरं ठरत नाही, आणि राग निघतो तो पाळण्यातल्या जिवावर. म्हणून इथे ज्या चुका सांगते, त्या आपल्या तोंडी बसलेल्या वाक्यांच्या आहेत.

“खेळायला बाळ येणार”

नवं बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं. त्याला धड दिसतं ते वीत-दीड वीत अंतरावरचं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. ते बसायला लागतं सहा-सात महिन्यांनी, खेळणं त्यानंतर. मग हेच सांगा की, “बाळ आधी नुसतं झोपेल, रडेल, दूध पिईल. तुझ्यासारखं बोलायला त्याला खूप दिवस लागतील.” शेजारी कुणाकडे तान्हं असेल तर दहा मिनिटं बघायला घेऊन जा. थोरल्याचं जुनं झबलं काढून त्याच्या पोटावर धरा, “तू एवढा होतास” म्हणा. मोबाइलमधले त्याचे रडतानाचे व्हिडिओ मुलं पुन्हा पुन्हा बघतात.

सांगायचं कधी, हेही विचारतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर त्याची वाट बघणं संपतच नाही. पोट दिसायला लागलं की सांगा, पण बाहेरच्या कुणी सांगायच्या आत. तारीख देऊ नका, ती मागेपुढे होते, आणि “चार महिने” हे त्याला कळत नाही. सोलापूरच्या पोराला गड्डा कळतो. जानेवारीत संक्रांतीच्या वेळी सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, मोठाले पाळणे लागतात, ते वर्षभर त्याच्या डोक्यात असतं. “गड्डा झाला, होळी झाली, की मग बाळ” असं सांगितलं की त्याला धागा सापडतो.

“भाऊ पाहिजे का बहीण?” हे मात्र विचारूच नका. ते आधी माहीत करून घेणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा “भाऊ” म्हणून बसलेल्या मुलाला बहीण आली की आपलं कुणी ऐकलं नाही असंच वाटतं.

“आई उद्या येईल”

ही चूक माझ्या घरातही झाली, आणि तिची टोचणी मला अजून आहे. सिझेरियन झालं, पाच दिवस दवाखान्यात होते. थोरली रोज संध्याकाळी विचारायची, आणि घरचे मायेनेच “उद्या” म्हणायचे. तिसऱ्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. मी घरी आले तेव्हा ती चादरींच्या घडीमागे जाऊन बसली, माझ्याकडे आलीच नाही.

पुढे वर्गातल्या एका आजीने फार छान केलेलं पाहिलं. सून दवाखान्यात गेली त्या रात्री त्यांनी वाटीत पाच शेंगा ठेवल्या. रोज झोपताना नातवाने एक फोडून खायची, वाटी रिकामी झाली की सकाळी आई. “डॉक्टर थांबा म्हणाले तर आपण आणखी एक शेंग टाकू,” हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि खरंच एक टाकावी लागली. पोरगा रडला, पण आजीवरचा त्याचा विश्वास गेला नाही.

त्या दिवसांत जो अंघोळ घालणार, वेणी घालणार, झोपवणार, त्याने ते काम महिनाभर आधी हातात घ्यावं. बाबांना वेणी येत नसेल तर शिकावी. आणि सोय म्हणून थोरल्याला सव्वा महिना आजोळी पाठवू नका. परत आल्यावर त्याला काय दिसतं? आपण गेलो आणि आपल्या जागी दुसरं कुणी आलं. बाळ घरात येताना तो उंबऱ्याशी असू द्या. बाळाला आत्याकडे किंवा आजीकडे द्या, आईने रिकाम्या हातांनी आत यावं. भाकरतुकडा ओवाळताना बाळासोबत थोरल्यावरूनही ओवाळा. टाक्यांमुळे उचलता येणार नसेल तर बाजेवर बसा आणि त्याला कुशीत घ्या, “पोटाला बाऊ आहे, म्हणून उचलत नाही” हे स्पष्ट सांगा. नाहीतर बाळामुळे उचलत नाही असा अर्थ तो लावतो.

“आता तुझे लाड बंद बघ!”

बोलणारे प्रेमाने गंमत करतात, पण तीन वर्षांच्या मुलाला ती गंमत कळत नाही. त्याच्यादेखतच उत्तर द्या, “त्याचे लाड त्याचेच आहेत की ओ.” शेजारीण रागावली तर रागावू दे. बारशाला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आधी थोरल्याशी दोन शब्द बोला, मग पाळण्याकडे जा. आत्याने कानात नाव सांगितलं की पुढचं “कुर्र” त्याला करू द्या.

बाळाने तुझ्यासाठी खेळणं आणलं, असं म्हणून भेट देण्याची पद्धत हल्ली फार आहे. मला ती पटत नाही. खेळणं जरूर द्या, पण आईने दिलं म्हणून द्या.

“मोठी झालीस ना आता” हेही तसंच. वेगळं अंथरूण, बाटली सोडवणं, बालवाडी, यांतलं जे करायचं ते दोन-तीन महिने आधी करा, नाहीतर बाळ आल्यावर काही महिने थांबा.

घरी आल्यावर बिनसलं तर

सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, बोबडं बोलणं येतं, बाटली मागितली जाते. रागावू नका. बाटली मागितली तर द्या, चार दिवसांत त्याचाच कंटाळा येतो. बरीच मुलं काही आठवड्यांत सावरतात.

सगळ्यात जास्त हट्ट बाळ अंगावर पीत असताना होतो, कारण आई तेव्हा हलू शकत नाही. त्या वेळेसाठी एक डबा ठेवा, चित्रांचं पुस्तक, खडू, थोडा खाऊ, आणि तो फक्त तेव्हाच उघडायचा. त्याला पाठीला टेकून बसू द्या.

चिमटा काढला, मारलं, तर हात धरा आणि म्हणा, “तिला दुखतं, मी मारू देणार नाही.” उलट फटका नको. रोज पंधरा मिनिटं दार लोटून फक्त त्याच्याजवळ बसा, तेव्हा बाळाचा विषयही काढू नका.

दोघांना एकटं मात्र कधीच सोडू नका, अगदी मायाळू मूल असलं तरी. टाळू अजून भरलेली नसते, मान धरलेली नसते, आणि मायेपोटीच ते बाळाच्या तोंडात शेंगदाणा घालतं. सहा महिने फक्त आईचं दूध, हे त्यालाही सांगा. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हे घरातल्या आजींनाही सांगा.

दोन-तीन महिने झाले तरी मूल नीट जेवत नसेल, झोपत नसेल, बोलणंच कमी झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नेताना बाळाला घरी आजीजवळ ठेवा. रिक्षात आईशेजारची जागा त्या दिवशी थोरल्याची.