दोन मुले हवी असतील, तर पहिल्याची वेळ कशी ठरवावी

पहिले मूल कधी, हा प्रश्न बहुतेक जोडपी नोकरी, घराचा हप्ता आणि सासरच्यांची अधीरता यांच्या हिशेबात सोडवतात, आणि दुसऱ्याचा विचार पहिले बाळ चालू लागल्यावर सुरू होतो. ज्यांना दोन मुले नक्की हवी आहेत त्यांनी हे गणित उलट्या टोकाने मांडावे. म्हणजे दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी आईचे वय किती असावे हे आधी ठरवून तेथून मागे मोजत यावे.

समजा, दुसरे बाळंतपण पस्तिशीत उरकायचे आहे. त्यातून गरोदरपणाचे 9 महिने आणि दिवस राहण्यासाठी 1 वर्ष वजा करावे. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान 24 महिने जाऊ द्यावेत असे सुचवते, तेवढे अंतर धरावे आणि पहिल्या खेपेसाठी पुन्हा 9 महिने व 1 वर्ष वजा करावे. उत्तर साडेएकोणतीस येते. पहिल्या वेळी दोन महिन्यांत दिवस राहिले म्हणून दुसऱ्या वेळीही तसेच होईल असे मानू नये, कारण तोवर वय तीन-चार वर्षांनी वाढलेले असते.

2015 मध्ये डच संशोधकांनी संगणकीय प्रारूपावरून काढलेला अंदाज असा की, आयव्हीएफ न करता हवी तेवढी मुले होण्याची शक्यता 90 टक्के राहावी असे वाटत असेल, तर एका मुलासाठी 32 व्या, पण दोन मुलांसाठी 27 व्या वर्षापर्यंत प्रयत्न सुरू करावेत. हे आकडे म्हणजे आज्ञा नव्हे; एका जादा मुलासाठी पाच वर्षे आधी सुरुवात करावी लागते, एवढे त्यातून घ्यावे.

पस्तिशी उलटली असेल, तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे आणि पतीची वीर्यतपासणी त्याच वेळी करून घ्यावी (ती सर्वांत सोपी असूनही बहुधा सर्वांत शेवटी होते). अशा वेळी अंतर वर्षभरावर आणता येईल का, हेही विचारावे. मात्र पहिले बाळंतपण सिझरने झाले असल्यास घाई करू नये.

पाळणा लांबवण्याचे साधनही वयाकडे पाहून निवडावे. तांबी काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते, तर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनच्या शेवटच्या मात्रेनंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. तेहतिशीतल्या स्त्रीला हा काळ महाग पडतो.

विशीच्या सुरुवातीलाच आई झालेल्यांची अडचण वेगळी असते. त्यांच्या हाती वर्षे भरपूर असतात, तरी दुसऱ्यापाठोपाठ ऑपरेशन उरकून टाकण्याचा आग्रह घरातून होतो. नळ्या पुन्हा जोडल्या तरी दिवस राहतीलच याची खात्री नसते. त्यामुळे तिसऱ्याबद्दल मन पक्के झालेले नसेल, तर दहा वर्षे चालणारी तांबी बसवून घ्यावी.