हळद लावायच्या आधी जिवाणूंची तयारी करून ठेवा

अक्षय तृतीया झाली की हिंगोली, वसमत, नांदेडकडं हळदीच्या लागणीची गडबड सुरू होते आणि मग ऑगस्टात कंदकूज, म्हणजे गड्डे सडायचा रोग, दिसली की सगळे औषधाच्या दुकानात पळतात. पण या रोगाला अडवणाऱ्या चांगल्या जिवाणूंचं काम त्याच्या लय आधीचं आहे, ते मुळाला रोगाच्या अगोदर चिकटले पाहिजेत, म्हणून मे महिन्यातच काय काय करून ठेवायचं ते सांगतो.

पहिलं रान बघा. कंदकूज करणारी पिथियम ही बुरशी पाण्यात पोहत पसरते, त्यामुळं आपल्या भारी काळ्या रानात गादीवाफे उंच पाहिजेत आणि चर असा काढा की पाणी थेट शेताबाहेर निघून जाईल. पाणी तुंबणार असेल तर जिवाणूंवर एक रुपया घालू नका, स्पष्ट सांगतो.

बेणं, म्हणजे लागणीचे गड्डे, एकरी साधारण 10 क्विंटल लागतं, पण सड लागलेल्या रानातलं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. गड्डा अंगठ्यानं दाबून बघा, मऊ लागला किंवा कापल्यावर आत तपकिरी दिसला की बाजूला टाका.

आता मुख्य सामान. स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस हे दोन जिवाणू आणि सोबत ट्रायकोडर्मा, ती बुरशी आहे पण आपल्या बाजूची. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स, म्हणजे असल्या जिवाणू-बुरशींचं तयार मिश्रण, हळद-आल्यासाठी चांगलं चालतं, पण हंगामात तिथं झुंबड असते, म्हणून आधीच चौकशी करून ठेवा. दुकानातून घेणार असाल तर पुड्यावर नोंदणी नंबर, सीएफयू (म्हणजे जिवंत जिवाणूंचा आकडा) आणि तारीख वाचा. बॅसिलस बीजाणू करून तग धरतो पण स्युडोमोनासचं तसं नाही, जुना पुडा घेतला की निम्मे मेलेलेच यायचे. घरी आणल्यावर पत्र्याच्या शेडात ठेवू नका, मेमधे तिथं भट्टी असते, रांजणाजवळ सावलीत ठेवा.

स्युडोमोनासची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तो मातीतलं लोह बांधून स्वतःकडं ओढतो आणि रोगाच्या बुरशीला उपाशी ठेवतो. आपल्या चुनखडीच्या रानात लोह आधीच कमी मिळतं, त्यामुळं हा डाव इथं जास्त लागू पडतो. वर तो झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती पण जागी करतो. कोकोची फळं काळी पाडणारी फायटोफ्थोरा ही आपल्या पिथियमच्याच गटातली, आणि तिच्यावर सुद्धा संशोधकांनी हेच दोन जातीचे जिवाणू वापरून बघितलेत, म्हणजे हे काय आपल्यापुरतंच खूळ नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलं आणि गार झालेलं पाहिजे, गरम खतात जिवाणू मिसळणं म्हणजे उकळत्या दुधात विरजण घालणं. एकरी 1 किलो स्युडोमोनास 20 किलो खतात कालवून, पाणी शिंपडून, ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवायचं आणि लागणीवेळी बेडवर टाकायचं.

बेणेप्रक्रियेत क्रम चुकवू नका. रासायनिक करायची असेल तर ती आधी, मग बेणं सावलीत सुकवायचं आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. त्यासाठी वेगळा ड्रम ठेवा, तणनाशकाचा किंवा कॉपरच्या बुरशीनाशकाचा नको. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात जिवाणू मरतात. लिटरला 10 ग्रॅम स्युडोमोनास, त्यात अर्धा तास बेणं बुडवून लगेच लागण.

पुढच्या आळवणीचा, म्हणजे मुळाशी द्रावण ओतायचा, पुडा पण आत्ताच धरून चला, ती वापसा (माती ओलसर पण चिखल नाही) असताना संध्याकाळी करायची. पावडर ठिबकमधून सोडायची तर फडक्यानं गाळून घ्या, नाहीतर ड्रिपर चोंदतात. कॉपर ऑक्सिक्लोराइड मारायचंच झालं तर ते आणि जिवाणू यांच्या मधे पंधरा दिवसाचं अंतर ठेवा.

आणि एवढं करून कुठं पानं कडेनं पिवळी पडलेली दिसली, झाड ओढल्यावर बुडातून सहज हातात आलं, तर तेवढे गड्डे मातीसकट उपटून शेताबाहेर न्या आणि तिथलं पाणी दुसऱ्या बेडवर जाणार नाही असा बांध लगेच घाला.