फोटो काढून होतो, अडतं ते दाखवताना

सुट्टीत मी डॉर्टमुंडहून घरी लालबागला आले की फोटोग्राफी शिकायला जर्मनीला निघालेली दोन-चार मुलं भेटायला येतात. एपीएस म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्याच्या खर्चाचे आधी भरून ठेवलेले पैसे, व्हिसाची अपॉइंटमेंट हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं. विचारतात ते एवढंच, कॅमेऱ्याची कुठली बॉडी घेऊ, कुठली लेन्स घेऊ? मी सांगते, आहे तीच घेऊन जा. जाण्याआधी बोराबाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्या, लेन्सला बुरशी धरली असेल तर तिथेच कळेल. तिथल्या एका काकांनी मला एका दुपारी शटरबद्दल जे समजावलं, ते कुठल्याही ऑनलाइन वर्कशॉपमध्ये मिळालं नाही. ‘पोर्टफोलिओ बनवून देतो’ म्हणणाऱ्या सल्लागारांकडे मात्र फिरकू नका. प्रवेशाच्या मुलाखतीत त्या फोटोंबद्दल तुम्हालाच बोलायचं असतं.

आता जे कुणी विचारत नाही ते.

मुंबईत आपली नजर माणसांवर तयार होते. दादरचा फुलबाजार, भाऊचा धक्का, विसर्जनाची मिरवणूक. कॅमेरा वर केला की कुणी हसतं, कुणी ‘माझापण काढ’ म्हणतं, बाकीच्यांना फुरसत नसते. तीच नजर घेऊन मी जर्मनीत डॉर्टमुंडला फोटोग्राफी शिकायला गेले आणि पहिले कित्येक महिने सगळं सुरळीत चाललं. कुणी हटकत नव्हतं. फोटो साठत होते.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटी रुंडगांग असतो, म्हणजे अख्खं कॉलेज लोकांसाठी खुलं आणि भिंतींवर विद्यार्थ्यांचं काम. फोटो लावत असताना आमच्या बाईंनी विचारलं, ‘यांची संमतीपत्रं?’ ट्रामच्या थांब्यावरची आजी, बाजारातला मासेवाला, खिडकीतला मुलगा, सगळे भिंतीवरून खाली उतरले. उरल्या त्या बंद पडलेल्या भट्ट्या आणि धुराडी.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच आपण फसतो. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून आले. त्या प्रकरणानंतर १९०७ मध्ये जो कायदा झाला, त्यातली कलमं आजही लागू आहेत. २२वं कलम सांगतं की माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसारित करायचा नाही, जाहीरपणे मांडायचाही नाही. इन्स्टाग्रामवर टाकणं यातच आलं. २३व्या कलमात सवलती आहेत. सभा-मिरवणुका चालतात, इमारतीच्या किंवा निसर्गाच्या फोटोत ओघाने आलेली माणसं चालतात, आणि कलेचं उच्च हित साधत असेल तरी चालतं. ही शेवटची सवलत वाचली की प्रत्येक विद्यार्थी निर्धास्त होतो. होऊ नका. एस्पेन आइशहोफर हे नावाजलेले छायाचित्रकार. त्यांनी बर्लिनच्या रस्त्यावर काढलेला एका स्त्रीचा फोटो २०१३ च्या प्रदर्शनात मोठा करून रस्त्यालगत लावला होता. ती कोर्टात गेली. निकाल आइशहोफर यांच्याविरुद्ध गेला आणि प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत पोचलं. २०१८ मध्ये न्यायालयाने रस्त्यावरची छायाचित्रं ही कला आहे हे मान्य केलं, पण आइशहोफर यांची तक्रार स्वीकारली नाही. त्यांच्यासारख्याला ते जड गेलं, तर पहिल्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्याने त्या सवलतीवर वर्षभराचं काम उभं करू नये.

तोंडी संमतीही चालते, पण उद्या कुणी नाही म्हटलं तर दाखवायला कागद लागतो. लहान मूल असेल तर आईवडिलांची सही हवी.

सीनिअर सांगतील, लांबची लेन्स लाव, कुणाला कळत नाही. हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. लपून काढलेला फोटो भिंतीवर लावायला शेवटी त्याच माणसाकडे जावं लागतं, आणि तेव्हा तो जास्त चिडलेला असतो. दुसरी पळवाट म्हणजे माणसं सोडून नुसते कारखाने काढत बसणं. बेर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन छायाचित्रकार पतीपत्नींनी तेच आयुष्यभर केलं आणि बेर्न्ड बेशर यांनी १९७६ पासून ड्युसेलडॉर्फला शिकवलंही, पण ती त्यांची निष्ठा होती. आपण भीतीपोटी तसं करू नये.

आणि खरंच घाबरू नका. विचारलं की लोक बऱ्याचदा हो म्हणतात. डॉर्टमुंड ज्यात येतं त्या रूर या कोळसा-पोलादाच्या भागात कोपऱ्याकोपऱ्यावर ट्रिंकहाल असतात, पेपर, चॉकलेट-गोळ्या, बिअर विकणाऱ्या टपऱ्या. कामगारांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून त्या एकोणिसाव्या शतकात सुरू झाल्या. तिथे उभं राहून मी मोडक्या जर्मनमध्ये एवढंच सांगते की माझे आजोबा गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेले नाहीत. तिथली शेवटची कोळसा खाण २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे पुढचं कुणाला समजवावं लागत नाही. खाणीतून निवृत्त झालेले एक आजोबा मला स्वतःहून त्यांची शर्यतीची कबुतरं दाखवायला घरी घेऊन गेले. सहीही त्यांनीच आधी केली.

फिरायला सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, पुरतं. बऱ्याच विद्यापीठांत ते देशभरच्या रिजनल गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. एसेनची त्सोलफराइन ही बंद पडलेली कोळसा खाण बघा. डुइसबुर्गचा १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना आता बाग आहे, रात्रीही खुला. डॉर्टमुंडच्या ह्योर्डे भागात तर फिनिक्स पोलाद कारखाना मोडून चीनला नेला आणि त्या जागी तळं केलं. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल बघत वाढलेल्या कुणालाही तिथे खूप वेळ थांबावंसं वाटेल. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा बाहेरची कामं उन्हाळ्यात ठेवा. थंडीतून घरात येताना कॅमेरा बॅगेतच राहू द्या. पैसे घेऊन लग्नं-मुंजी शूट करायची ऑफर आली तर आधी परदेशी नागरिक कार्यालयात विचारा. विद्यार्थ्याला वर्षाला १४० दिवस नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसायाला वेगळी परवानगी लागते.

संमतीपत्र एका पानाचं, जर्मनमध्ये करा. प्रदर्शन, पुस्तक, वेबसाइट यांना वेगवेगळे चौकोन ठेवा, म्हणजे माणूस एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकतो. तारीख, सही, फोटोचा क्रमांक. दोन प्रती, एक त्यांच्याकडे. माझा कोरा फॉर्म हवा असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत मी लालबागलाच आहे, सकाळी दहानंतर कधीही या.