जुन्या टाइमटेबलात आपली पॅसेंजर कशी शोधायची

कोरोनानंतर कितीतरी पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस झाल्या, काहींच्या मेमू (विजेवर धावणाऱ्या लोकलसारख्या गाड्या) झाल्या, छोट्या स्टेशनांवरचे थांबे गेले. पण ज्या गाडीनं आपण आजोळी जायचो ती जुन्या टाइमटेबलात अजून जशीच्या तशी आहे, फक्त वाचता आली पाहिजे. मी पुणे-मिरज-कोल्हापूर लाइन धरून सांगतो, कारण माझा जीव तिच्यावर आहे.

पहिलं म्हणजे पुस्तक बरोबर निवडा, बरेच जण इथंच अडकतात. आज ही लाइन मध्य रेल्वेत आहे म्हणून लोक 1955 चं मध्य रेल्वेचं टाइमटेबल चाळत बसतात आणि त्यात काही मिळत नाही, कारण तेव्हा ही लाइन दक्षिण रेल्वेत होती (1951 पासून), आणि 1966 नंतरचं हवं असेल तर दक्षिण मध्यचं बघायचं. त्याच्याही आधीचं हवं असेल तर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, नाहीतर कलकत्त्याहून निघायचं ते न्यूमनचं ब्रॅडशॉ, म्हणजे सगळ्या रेल्वेंच्या वेळा एकत्र देणारं पुस्तक. पुण्यात जुन्या बाजारात रद्दीवाल्यांकडे विचारत राहा, इंटरनेट आर्काइव्हवर पण शोधून बघा.

स्टेशनांची जुनी नावं लिहून ठेवा, किर्लोस्करवाडी म्हणजे आधीचं कुंडल रोड. 1971 ला ब्रॉडगेज (रुंद रूळ) आलं, त्यामुळे त्याआधीच्या तक्त्यात मीटरगेजच्या (अरुंद रुळांवरच्या) गाड्या दिसतील, आणि आणखी जुन्यात अंतर मैलात, तेव्हा 1.6 ने गुणायचं. 1906 च्या आधीचं काही हाती लागलं तर त्यातल्या वेळा बहुधा मद्रास टाइमच्या (तेव्हा रेल्वे मद्रासच्या घड्याळावर चालायची) असतात, आत्ताच्या घड्याळाच्या साधारण 9 मिनिटं मागे.

आता खरी मजा. बऱ्याच तक्त्यांत स्टेशनं मधे असतात, एका बाजूचे आकडे वरून खाली वाचायचे आणि दुसऱ्या बाजूचे खालून वर, बाण दिलेला असतो. एखाद्या छोट्या स्टेशनवर पॅसेंजर पंधरा-वीस मिनिटं उभी दिसली की लगेच समोरच्या बाजूला तेच स्टेशन बघा, त्याच वेळेत उलट दिशेची गाडी तिथून जाताना सापडली तर ते क्रॉसिंग. तेव्हा सिंगल लाइन ना, एकीनं लूपवर (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) उभं राहायचं आणि दुसरीनं निघून जायचं. लहानपणी गाडी उगाच का थांबायची, लोक खाली उतरून पाय मोकळे का करायचे, ते इथं दोन आकड्यांत कळतं, मला तर हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. तसंच दोन स्टेशनांमधलं अंतर आणि लागलेली मिनिटं लिहून काढा, सालपे-आदर्की-वाठारला वेग का पडतो ते बघा, तिथं घाट आहे.

तळटीपा तर अजिबात सोडू नका, बारीक अक्षर असतं म्हणून भिंग घ्या. कुठली गाडी फक्त बाजाराच्या दिवशी, कुठला डबा मधेच कापून दुसऱ्या गाडीला लागायचा, कुठं जेवण मिळायचं, सगळं तिथं असतं. महाबळेश्वरला जाणारे पूर्वी वाठारला उतरायचे, मग पुढं मोटार, असले धागे पण तिथूनच हाताला लागतात.

आणि पुस्तक मिळालंच तर सेलोटेप लावू नका, कागद पिवळा पडून तुटतो. पानं सपाट ठेवून मोबाइलवर फोटो काढा, आणि कव्हरवरची "अमुक तारखेपासून लागू" ही ओळ पहिल्यांदा घ्या, तिच्याशिवाय बाकीची पानं कुठल्या सालची ते पुढं कुणालाच सांगता येणार नाही.