सिमेंट कालवताना कातडी कशी वाचवावी

खान्देशात घरं बांधायला निघतात ती बहुतेक उन्हाळ्यात. कापूस विकून हातात पैसा आलेला असतो, शेत रिकामं असतं. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास, अंगाला घामाच्या धारा आणि समोर सिमेंटच्या गोण्या. कोरडी पूड अंगावर पडली तर झटकता येते. घामाने ओली झाली की तीच भाजते.

का भाजते ते आधी. चुनखडक आणि माती सुमारे १४५० अंशांवर भाजली की क्लिंकरचे कडक खडे होतात. थोडा जिप्सम घालून ते दळले की सिमेंट. जिप्सम नसता तर माल कालवता कालवताच आवळला असता. या पुडीवर पाणी पडलं की विरी गेलेला चुना सुटतो. तंबाखूत चुना जास्त पडला तर ओठ कसा सोलवटतो हे गावात कुणाला सांगायला नको. ‘राखेचं सिमेंट सौम्य असतं’ हा सल्ला मी शंभरदा ऐकलाय, आणि तो खोटा आहे. दीपनगरसारख्या वीज केंद्रांतून निघणारी राख पीपीसी सिमेंटमध्ये, म्हणजे याच राखेच्या सिमेंटमध्ये, १५ ते ३५ टक्के असते. उरलेलं बहुतेक क्लिंकरच.

गोणी वाऱ्याकडे पाठ करून फोडा आणि जमिनीलगतच ओता. रिकामी गोणी झटकू नका. तोंडाला एन-९५ मास्क लावा. घामाने भिजलेला रुमाल सिमेंट ओठांशी धरून ठेवतो. वाळू-सिमेंट कोरडं एकजीव करा, मग पाणी.

आता हातापायांचं. इथे मी स्वतः फसलो आहे. एका स्लॅबच्या दिवशी पातळ माल माझ्या गमबुटात शिरला. थोडं चुरचुरलं, पण काम निम्म्यावर होतं. शेजारचा गवंडी म्हणाला, ‘काही व्हत नही भाऊ.’ मी चार तास तसाच उभा राहिलो. संध्याकाळी बूट काढला तेव्हा घोट्याची कातडी पांढरट, मऊ पडली होती. रात्री ठणका लागला, दुसऱ्या दिवशी ती काळी झाली आणि तीन आठवडे मला पाय टेकवता आला नाही. ओलं सिमेंट विस्तवासारखं लगेच चटका देत नाही, म्हणून माणूस थांबत नाही, आणि तोवर ते खोल जातं.

म्हणून पँट बुटात खोचू नका, बुटावरून सोडा. मनगटातला धागा, अंगठी, घड्याळ कामाआधी काढा. त्यांच्याखाली माल अडकतो. गुडघ्यावर बसून कोबा करायचा असेल तर खाली फळी घ्या. हातमोजे नायट्रिलचे किंवा रबराचे, मनगटाच्या वर येणारे घ्या. सुती मोजे पाणी पितात आणि तेच हाताला लावून ठेवतात, त्यापेक्षा उघडे हात बरे. मोज्यात माल गेला तर मोजा काढा, हात धुवा, दुसरा घाला.

बुटात किंवा कपड्यात माल शिरला की काम थांबवा. मिस्तरी ओरडेल, ओरडू द्या. बूट, मोजा, कपडा काढा, सुकी पूड असेल तर आधी झटका आणि वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धरा. बादलीत पाय बुडवून बसणं म्हणजे चुन्याच्या पाण्यात बसणं. लिंबू चोळू नका. हळद, खोबरेल, टूथपेस्टही नको. कातडी पांढरी किंवा काळी पडली तर दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जा.

डोळ्यात गेलं तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून २० मिनिटं पाणी सोडा आणि थेट डोळ्यांचा दवाखाना गाठा. गुलाबपाण्यात वेळ घालवू नका.

काही जणांचे हात वर्षानुवर्षं भेगाळलेले आणि खाजरे राहतात. त्यामागे पुष्कळदा सिमेंटमधल्या क्रोमियमची अॅलर्जी असते. एकदा ती जडली की थोड्याशा मालानेही हातांवर पुरळ उठतं. अशा माणसाला कालवणीवर ठेवू नका, विटा द्यायला लावा. हातावरचा माल उतरवायला रॉकेल वापरू नका. ते कातडीतला तेलकटपणा ओढून घेतं आणि भेगा वाढवतं. साबण-पाणी पुरतं, मात्र जेवायच्या सुट्टीतही, फक्त संध्याकाळी नव्हे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका.